कैलासवासी कॅप्टन कांबळे

सिस्टरबाईंशी बोलताना हात पाठीमागं बांधून उभं राहावं, असं मी चार जणांना तरी बजावलं असेल. नाहीतर बोलता बोलता त्या तुमचं मनगट धरायच्या. तुम्ही आपलं कांद्याच्या भावाचं बोलताय आणि त्या पदराला पिनेनं लावलेल्या उलट्या घड्याळाकडे बघतायत. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत निकाल. "भाऊसाहेब, तंबाखू जास्त होतीय. आणि काल घरात भांडण झालंय." बरं, खोटं म्हणावं तर तेही नाही. माझी बायको तर म्हणायची, त्या बाईंपुढं मी उभीच राहणार नाही, आपल्या घरातलं सगळं त्यांना नाडीत कळतंय.

नाव द्रौपदा कांबळे. मूळच्या दौंडच्या. बांगलादेशच्या लढाईनंतर दोनेक वर्षांनी शिरूरला, म्हणजे आमच्या घोडनदीला आल्या आणि मार्केट यार्डाजवळच्या एका डॉक्टरांकडे नर्स म्हणून लागल्या. चाळिशीच्या आतबाहेरचं वय, अंगानं काटक, पांढरी सुती साडी आणि पायात रबरी तळव्याचे बूट. साडीवर बूट घालून झपाझप चालणारी बाई घोडनदीनं तोवर पाहिली नव्हती. कपाळ मोकळं, गळा मोकळा. सोबत म्हातारी आई. पूर्वी कुठंतरी लांब मिलिटरीच्या दवाखान्यात होत्या, एवढं कानावर आलं होतं. आता मिलिटरीच्या दवाखान्यात म्हणजे काय, तर नोकरीला असतील, रेल्वेच्या दवाखान्यात असतात तशा. आमच्या डोक्यात त्यापलीकडे काही शिरलं नाही, आणि शिरावं असं आम्हाला वाटलंही नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "चार्टवर नाही ते झालंच नाही." तोंडी बोलण्यावर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. वाण्यानं उद्या रॉकेल देतो म्हटलं, की ह्या पिशवीतून कागद काढणार. "लिहून द्या. किती वाजता ते पण लिहा." दौंडची एस.टी. उशिरा सुटली, की कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन उभ्या. "कारण लिहा." तो बिचारा हात जोडायचा, "बाई, ड्रायव्हर जेवाय गेलाय, आता ह्येचं काय लिवू?" तर म्हणायच्या, "तेच लिहा. ड्रायव्हर जेवतोय, माणसं उन्हात उभी आहेत." त्यानं कधी लिहिलं नाही. पण दौंडची गाडी तेवढी वेळेवर सुटायला लागली, हे डेपोतला कुणीही सांगेल.

घाबरणं हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता आणि घाबरणाऱ्याची त्या कधी चेष्टाही करत नसत. आमच्या सोसायटीचे चेअरमन आप्पा एकदा बांधकाम बघायला गेले आणि पायात खिळा घुसवून आले. आप्पा म्हणजे मोठे बागाईतदार. तरुणपणी तालमीतले पैलवान, अजूनही दारातून आत येताना थोडं तिरकं व्हावं लागायचं. मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. सिस्टरबाईंनी सुई वर धरली, टिचकी मारली आणि आप्पांनी डोळे पांढरे केले. एवढा मोठा गडी बाकावरनं खाली आला, बाकासकट! बाईंनी काय करावं? दार लावून घेतलं. पाणी मारलं, आप्पा शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दंडाकडे बघायला सांगितलं आणि बोलता बोलता सुई टोचून मोकळ्या झाल्या. बाहेर दहा माणसं उभी होती. त्यांना सांगितलं, "पाय घसरला आप्पांचा. फरशी ओली होती." तेवढी एक गोष्ट मी त्यांच्या तोंडून चार्टबाहेरची ऐकली.

आता आमच्या सोसायटीचं सांगितलं पाहिजे, कारण खरा घोळ तिथं झाला, आणि तो मी केला.

शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या माजी सैनिकांना घर बांधायला कर्ज देणारी ती सोसायटी. मी तिचा कारकून. चेअरमन आप्पा. आप्पा फौजेत गेले नव्हते, पण त्या काळी आमच्याकडे कुठलीही सोसायटी निघाली की चेअरमन आप्पाच. फौजेच्या बाजूनं कारभार बघायचे सुभेदार पवार. पिळदार मिशा, डोक्यावर कायम पटका. सरळ माणूस, पण नियम म्हणजे नियम. सोसायटीच्या सभेला खुर्च्या होत्या आठ. त्या हुद्द्यानं मिळायच्या. ज्याचा हुद्दा मोठा त्याची खुर्ची पुढं. बाकी शिपाईगडी सतरंजीवर, आणि उजव्या अंगाला भिंतीकडेला, लढाईत नवरे गेलेल्या बायका. ही मांडणी सुभेदारांची, आणि ती मोडायची कुणाची टाप नव्हती.

कर्ज मिळायचे मार्ग दोन. स्वतः सैनिक असला, तर नोकरीचे कागद, जागेचा उतारा, दोन जामीनदार आणि नंबर लागेपर्यंत थांबणं. सैनिकाची विधवा असली, तर जामीनदार नकोत आणि नंबर सगळ्यात आधी. चांगला नियम होता तो, मला आजही वाटतं.

तर एक दिवस सिस्टरबाईंचा अर्ज टपालानं आला. दौंडला रेल्वे लाइनीपलीकडं त्यांनी जागा घेऊन ठेवली होती. तिथल्याच एका डॉक्टरांनी नोकरीही कबूल केली होती. आता घर हवं होतं. अर्जात नाव, द्रौपदा कांबळे. हुद्दा, कॅप्टन. आणि 'पतीचे नाव' ह्या रकान्यात एक आडवी रेघ.

मी त्या रेघेकडे बघितलं आणि मला वाटलं, कळलं आपल्याला. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मतदानाच्या यादीला नाव सांगायचं तर शेजारणीला पुढं करते. फॉर्म भरायला येणाऱ्या कितीतरी बायका त्या रकान्याशी आल्या की लाजून भिंतीकडे बघायच्या, आणि मग मी उताऱ्यावरनं नाव शोधून भरायचो. शिवाय बाईंचं कपाळ मोकळं. हुद्दा कॅप्टन. म्हणजे नवरा कॅप्टन होता, लढाईत गेला, आणि बिचारी कुणाला बोलली नाही! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो. सोबत इंग्रजी कागद जोडला होता. त्यावर 'कॅप्टन' आणि 'कांबळे' एवढं मला दिसलं, पुढचं वाचायची तसदी मी घेतली नाही. लाल शाईनं त्या रेघेवर लिहिलं, 'कै. कॅप्टन कांबळे', आणि अर्ज विधवांच्या गठ्ठ्यात वरती ठेवला. पंधरा दिवसांत मंजुरी. मी मोठं पुण्य केल्यासारखा घरी जाऊन शिरा खाल्ला.

मग आली सव्वीस जानेवारी. सोसायटीतर्फे लढाईत नवरे गेलेल्या बायकांचा सत्कार असायचा, साडी आणि नारळ. यादी मीच केली होती. सिस्टरबाईंना निरोप गेला की झेंडावंदनाला या. शाळेच्या मैदानात मांडव, आप्पा, सुभेदार, लाउडस्पीकर. मी नावं पुकारत होतो. "कैलासवासी कॅप्टन कांबळे यांच्या वीरपत्नी, श्रीमती द्रौपदाबाई कांबळे!"

मैदानात हळहळ उठली. सिस्टरबाई मागच्या रांगेत होत्या. त्या उठल्या, झपाझप पुढं आल्या, आप्पांच्या हातातली साडी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, तो भोंगा इकडं द्या."

दिला. काय करणार?

"कैलासवासी कॅप्टन कांबळे म्हंजी मीच," त्या म्हणाल्या. "मी मेलेली न्हाई. ज्याला शंका असंल त्यानं पुढं येऊन नाडी बघावी. नवरा मी केलाच न्हाई, तवा तो मरायचा प्रश्न येत न्हाई. मी फौजेत कॅप्टन होते. स्वतः. ही साडी जिच्यासाठी आणलीय तिला द्या."

आणि मांडवाच्या कडेला सत्कारासाठी बसलेल्या बायकांतल्या सगळ्यात तरुण मुलीच्या मांडीवर साडी ठेवून त्या निघून गेल्या. राग आला की बाईंच्या तोंडी दौंडची बोली यायची, त्या दिवशी सगळ्या मैदानानं ती ऐकली. कुणीतरी हसलं. मग सगळे हसले. मी हसणाऱ्यांत नव्हतो, माझं तोंड सुपारीएवढं झालं होतं.

दुसऱ्याच दिवशी मंजुरी थांबली. विधवा नाहीत म्हणजे तो मार्ग बंद. आणि सैनिक म्हणून घ्यावं, तर सुभेदारांनी लेखी हरकत दिली, नर्स म्हणजे सैनिक नव्हे. प्रकरण सर्वसाधारण सभेपुढं गेलं.

आप्पा मनानं वाईट नव्हते. सुईच्या वेळी बाईंनी दार लावून घेतलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. मला घेऊन ते सिस्टरबाईंच्या खोलीवर गेले. मी त्यांची खोली पहिल्यांदा बघितली. एक चूल, एक खाट, आणि दाराजवळ काळी लोखंडी ट्रंक, जशी गाडीची वाट बघत ठेवावी तशी. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्या शेजारी खिळ्याला ताप लिहायचा असतो तसला चार्ट. मी वाचायला लागलो तर तापाच्या जागी खोल्या होत्या! घोडनदीत आल्यापासूनची ही पाचवी. कधी आल्या, कधी सोडली, आणि शेवटच्या रकान्यात मालकानं तोंडी सांगितलेलं कारण. 'भाचा येणार आहे.' 'भिंत दुरुस्त करायची आहे.' 'आडनाव आधी सांगितलं नाही.' 'नळावर कुरबूर.' पाचव्या खोलीपुढं लिहिलं होतं, 'महिनाअखेर. मालकाचा भाचा येणार आहे.' एवढे भाचे घोडनदीत येणार होते आणि आम्हा गावकऱ्यांना पत्ताच नव्हता.

आप्पा खाटेवर बसले. "बाई, मंजुरी झाल्याली हाय. मी म्हंतो, ती तशीच ऱ्हाऊ द्या. भोंग्यावर काय बोलला ते वाऱ्यावर गेलं. कागुद बोलंल तेच खरं. एक नाव लिवा रकान्यात, कुनी बघाय येत न्हाई."

"म्हणजे घर बांधायचं तर मी आधी नवरा करायचा, आणि लगेच मारायचा?"

"आवं, कागदावर!"

"आप्पा, कागदावर तर न्हाईच न्हाई," बाई म्हणाल्या.

कोपऱ्यातून त्यांच्या आईचा, सखूआईचा, आवाज आला. "आगं घे की, द्रुपदे. कागदावरचा नवरा, त्येला काय जेवाय घालायचंय? माजं वय झालं आता. किती येळा बोचकं बांधू?"

म्हातारीचं खोटं नव्हतं. तिचा नवरा दौंडला रेल्वेत गँगमन होता. कामावर असतानाच गेला, आणि सुतकाचे दिवस सरताहेत तोवर रेल्वेची खोली खाली करावी लागली. तेव्हापासून तिनं किती उंबरे बदलले ते तिलाच माहीत. ती बोलता बोलता उठली आणि तिनं एक गोष्ट केली, ती माझ्या नजरेतून सुटली नाही. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं होती, कॅप्टन डी. कांबळे. म्हातारीनं ट्रंक ओढली आणि अक्षरांची बाजू भिंतीकडं केली. सिस्टरबाईंनी लगेच पायानं ढकलून ती परत सरळ केली. मालकानं आडनाव वाचू नये म्हणून आई ट्रंक फिरवायची आणि लेक परत सरळ करायची, हे पाचही खोल्यांत चाललेलं होतं म्हणे.

"आई," बाई म्हणाल्या, "तेरा वर्षं मी त्या वॉर्डात उभी राहिले. आसामात होते, लढाईत एका रात्रीत किती पोरं आणून टाकली त्याची गणती न्हाई. हात धरून बसले त्यांचे. ते सगळं कुणा न झालेल्या नवऱ्याच्या नावावर करू? घर मिळंल, पण त्या घरात मी कोण म्हणून राहायचं?"

सखूआई चुलीकडे वळली. आप्पाही उठले. वाटेत मला म्हणाले, "कुलकर्णी, ही बाई ऐकायची न्हाई. आन् आपल्याला बी झोपू द्यायची न्हाई." त्यांचा स्वर रागाचा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे.

सभा महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी. यार्डातल्या हॉलमध्ये साठेक माणूस. पुढं आठ खुर्च्या हुद्द्यानं, मागं सतरंजी. सिस्टरबाई आल्या आणि कुणी काही सांगायच्या आधी सतरंजीवर, बायकांच्या रांगेत जाऊन बसल्या, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. सखूआई दारातच टेकली.

सुभेदार बोलायला उठले. "बाईंबद्दल आदर हाय. औषधपान्याचं काम पुण्याईचं. पर ही सोसायटी फौजी लोकांची. फौजी कोन? ज्यानं बंदूक धरली तो. आज नर्स आली, उद्या पोस्टमन येईल, मी पलटनीची पत्रं वाटली म्हनून. काय तरी रेषा पायजे का नको?"

"पुण्याच्या मोठ्या हापिसाला पत्र लिवून इचारू," आप्पा म्हणाले. "सैनिक म्हंजी धाडसाचं काम, आता त्येच्यात..." बोलता बोलता त्यांची नजर सिस्टरबाईंकडे गेली. बाईंनी फक्त आप्पांच्या दंडाकडे बघितलं. आप्पांचं वाक्य तिथंच राहिलं ते राहिलं.

बाई उभ्या राहिल्या. "पुण्याला खुशाल विचारा. उत्तर येईस्तोवर माझी आई कुठं बसंल ते पण विचारा. पण आधी आपला पोटनियम वाचा. भाऊसाहेब, वाचा."

मी वाचला. 'फौजेत नोकरी करून सन्मानाने निवृत्त झालेली कोणतीही व्यक्ती सभासद होण्यास पात्र राहील.' तीनदा वाचायला लावला त्यांनी. त्यात बंदुकीचं नाव नव्हतं.

"पोटनियम हाय, पर रीत वेगळी," सुभेदार म्हणाले.

"मग रीत ठरावात घ्या," बाई म्हणाल्या. "तोंडी नको. चार्टवर नाही ते झालंच नाही. भाऊसाहेब, लिहा. 'ज्याने बंदूक धरली नाही तो सैनिक नाही, सबब त्यास कर्ज मिळणार नाही.' खाली सुभेदारसाहेबांची सही घ्या. माझं काही म्हणणं नाही. मी आत्ता उठून जाते."

मी टाक बुडवला. आणि अर्धं वाक्य लिहून होतंय तोच सतरंजीवरनं एक माणूस उठला. कासुर्डीचा किसन. फौजेत लंगरात होता, म्हणजे स्वयंपाकघरात. मागल्याच वर्षी सोसायटीच्या कर्जावर त्याचं दोन खोल्यांचं घर उभं राहिलं होतं.

"भाऊसाब, हात थांबवा," किसन म्हणाला. "मी सतरा वरसं रोट्या लाटल्या. बंदूक मी लांबनं बघितली. मग माजं घर आता पाडायचं का?"

कुणीतरी हसलं, पण किसन हसत नव्हता. त्याच्या मागं दुसरा उठला. "मी खेचरं हाकली. बरफात. खेचराच्या पाठीवर बंदुका व्हत्या, माज्या हातात लगाम." तिसरा उठला, तो पलटणीचा शिंपी. चौथा बँडात मशक, म्हणजे ती पिशवीची पिपाणी, वाजवणारा. एक म्हातारा न्हावी उठला आणि म्हणाला, "मी साहेब लोकांच्या गळ्याला वस्तरा लावला, ते धाडस न्हाई व्हय?" तिथं मात्र हॉल फुटला. सुभेदारांच्या मिशाही हलल्या. बघता बघता निम्मी सतरंजी उभी! आणि ही सगळी माणसं माझ्या यादीतली, माझ्या हातानं 'सैनिक' म्हणून लिहिलेली. त्यांना मी कधी विचारलं नव्हतं, बंदूक धरली का म्हणून. बाईंना मात्र नवऱ्याचं नाव विचारलं. लाज वाटली मला, चांगलीच वाटली.

मग दौंडचा एक लंगडा शिपाई काठीवर भार देत उठला. "मी बंदूक धरली," तो म्हणाला. "सुभेदारसाहेब, तुमाला म्हाईत हाय. पायात गोळी लागली तवा बंदूक तितंच राहिली. फुडं ज्यांनी धरलं ते ह्यांच्यासारख्या सिस्टर लोकांनी. मी काय म्हंतो, ते बंदुकीपरीस जड व्हतं."

सुभेदारांनी माझ्याकडे हात पुढं केला. "तो इंग्रजी कागुद."

मी दिला. त्यांनी चष्मा लावला. त्यांनी तो कागद ओळ न् ओळ वाचला, जो मी वाचायला हवा होता. एकदा मान वर करून विचारलं, "कमिशन? राष्ट्रपतींच्या सहीचं?"

"व्हय," बाई म्हणाल्या. पिशवीतून दुसरा कागद काढून त्यांनी पुढं केला.

सुभेदारांनी तो बघितला. चष्मा काढून खिशात ठेवला. कोटाची वरची गुंडी लावली. पटका दोन्ही हातांनी नीट केला. आणि टाचा जोडून, हॉलचं छप्पर दणाणावं असा सॅल्यूट ठोकला, सतरंजीवर उभ्या असलेल्या बाईला.

सगळा हॉल उभा राहिला. लंगडा शिपाई काठी टाकून उभा राहिला. सिस्टरबाईंनी हात उचलला नाही. डोक्यावर टोपी नसली की फौजेत सॅल्यूट करत नाहीत, आणि असं कमिशन असलेला कॅप्टन सुभेदाराच्या वरचा, हे मला नंतर किसननं सांगितलं. त्या फक्त सावधान झाल्या. पदर, घड्याळ, रबरी बूट, सगळं एका रेषेत. तेवढ्या वेळात ती बाई मला केवढी उंच दिसली म्हणून सांगू!

"जय हिंद, मॅडम," सुभेदार म्हणाले. "चूक झाली." मग त्यांनी स्वतःची खुर्ची उचलली, सगळ्या खुर्च्यांच्या पुढं नेऊन ठेवली आणि रुमालानं पुसली. "हितं बसा. कॅप्टनची जागा हितं. आन् कुलकर्णी, ती लाल शाई खोडा."

"खोडू नका," बाई म्हणाल्या. "खाली बरोबर काय ते लिहा. सुभेदारसाहेब, तुमची हरकत पण राहू द्यायची का?"

"राहू द्या. आन् मागं घेतली हे बी लिवा."

"वेळ लिहा, भाऊसाहेब," बाई म्हणाल्या आणि उलटं घड्याळ बघून त्यांनी ती सांगितली.

ठराव एकमतानं झाला. मी म्हटलं, सैनिक म्हणून घेतलं तर दोन जामीनदार लागतील. "एक मी," सुभेदार म्हणाले. दुसऱ्यासाठी किसन आणि तो न्हावी यांच्यात हमरीतुमरी झाली, शेवटी किसन जिंकला. आप्पांनी तर मागाहून स्वतःच्या वाड्यातली एक खोली घर होईस्तोवर म्हणून देऊ केली. बाई म्हणाल्या, "लिहून द्या." आणि काय सांगू, आप्पांनी दिलं लिहून! सहीसकट! घोडनदीत सिस्टरबाईंना लेखी खोली देणारा तो पहिला मालक. मोठ्या दारातून, दिवसाढवळ्या, ट्रंक बैलगाडीवर घालून सखूआई त्या वाड्यात गेली.

पुढच्या वर्षी अर्ज नवे छापायचे होते. मी छापखान्यात स्वतः जाऊन बसलो आणि 'पतीचे नाव' ह्या रकान्याच्या वर एक रकाना घालून घेतला, 'अर्जदार स्वतः सैनिक आहे काय'. कुणी सांगितलं नव्हतं. माझा मीच.

घर पुरं झाल्याचा दाखला द्यायला सोसायटीचा माणूस जाऊन बघून येतो. मी दौंडच्या एस.टी.त बसलो. लाइन ओलांडून गेलो तर लिंबाच्या सावलीत लालभडक कौलांचं, दोन खोल्या आणि पुढं पडवीचं घर. भिंतींना अजून चुन्याचा वास. सिस्टरबाई दवाखान्यात निघायच्या घाईत होत्या. मी दारं-खिडक्या मोजतोय, तेवढ्यात माझं मनगट धरलंच. "सुधारलीय नाडी. तंबाखू सोडली?"

"कमी केली."

"लिहून द्या," म्हणाल्या आणि हसल्या. मोकळं, दात दिसेपर्यंत. मग रबरी बूट वाजवत, म्हणजे न वाजवत, लाइनीकडे निघाल्या. फाटकातला गेटमन त्यांना बघून उभा राहिला. त्या वळणाआड गेल्या, पुन्हा माझी त्यांची भेट झाली नाही.

मी पडवीत आलो. तिथं बसायला बाक नव्हता. बाकाच्या जागी ती काळी ट्रंक ठेवली होती, रस्त्याकडं तोंड करून. वरची इंग्रजी अक्षरं गेली होती. रेल्वेतल्या रंगाऱ्याकडून मराठीत नवी काढून घेतलेली, वीतभर मोठी. कॅप्टन द्रौपदा कांबळे. सखूआई ओलं फडकं घेऊन ती अक्षरं पुसत बसली होती. तिला एकही वाचता येत नव्हतं.

"मीच काढून घेतली," ती म्हणाली. "विंग्रजी हितं कुनाला कळतंय?" मग फडकं पिळून मला म्हणाली, "भाऊसाब, जरा रस्त्याव जाऊन बघा बरं, लांबनं दिसतंय का."

मी रस्त्यावर गेलो, पार विजेच्या खांबापर्यंत गेलो आणि मागं वळून मोठ्यानं सांगितलं, "दिसतंय, आई! सगळं दिसतंय!"